पांढरा कोट आणि बाकावरचा गोलकीपर

बहारीनमध्ये किस्से फार साठतात. घडतात ते सगळीकडेच, पण आपल्या गावात माणूस संध्याकाळी घरी जातो, चहा पिता पिता बायकोला म्हणतो, "अगं, आज ऑफिसात काय गंमत झाली माहितीये का!" आणि किस्सा तिथेच खलास. इथे घरी गेलं की समोर एसी. त्याला काय सांगणार, कप्पाळ?

मी बुसैतीनमध्ये एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. मूळचा सांगलीचा. ऋजुता अकरावीला गेली तेव्हा सुनंदा तिला घेऊन पुण्याला परतली, आणि मी एकटा उरलो. आठवडा निघून जातो हो, ऑफिस असतं. पण शुक्रवार सुट्टीचा. शुक्रवारी घर अक्षरशः खायला उठतं. सकाळी इस्त्री करायची, दुपारी वरणभात लावायचा, आणि मग चार वाजता मोबाईलकडे बघत बसायचं, की कोणाचा फोन येतोय का. नाही येत.

त्यामुळे जो कोणी शुक्रवारी "चल" म्हणेल त्याच्याबरोबर मी गेलो असतो. म्हणाला तो डेक्लन. म्हणून हे किस्से सगळे त्याचेच.

*

आमचं ऑफिस अदलियात, एका जुन्या व्हिलामध्ये. मी एअर कंडिशनिंगची ड्रॉइंग्ज करतो, डेक्लन साइटवर सेफ्टी बघतो. आयरिश माणूस, पन्नाशीला टेकलेला, सहा फूट उंच, मान कायम उन्हाने लालभडक. पहिल्या दिवशी आला तो हातात एक लाकडी दांडकं घेऊन. आपली हॉकी स्टिक असते ना, तिला खाली ताटासारखं पसरट केलं तर जे होईल, तसं काहीतरी. त्याला म्हणतात हर्ली, आणि खेळ तो हर्लिंग.

अशी पाच दांडकी बॅगेत घालून तो बहारीनला उतरला. कस्टमवाल्याने अर्थातच धरला.

"हे काय? हत्यार?"

"नाही, खेळ."

"कसला खेळ?"

आता सांगून काय कळणार! डेक्लनने बॅगेतून कातडी बॉल काढला, हर्लीच्या पसरट टोकावर ठेवला, आणि तसाच तोलत अख्ख्या हॉलमध्ये धावत एक फेरी मारून आला. बॉल पडला नाही. कस्टमवाला खूश! त्याने पलीकडच्या काउंटरवरच्या दोघांना हाक मारली आणि म्हणाला, "यल्ला, वन मोर!" डेक्लनने पुन्हा फेरी मारली. तोवर पाठीमागे मोठी रांग.

"याचे पैसे किती देतात?" कस्टमवाल्याने विचारलं.

"काहीच नाही. आमच्याकडे हा खेळ कोणी पैशासाठी खेळत नाही. मोठे खेळाडूसुद्धा सोमवारी नोकरीवर जातात."

"मफी फुलूस? पैसेच नाहीत?"

"मफी."

कस्टमवाल्याने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, बॅगेची चेन स्वतः लावून दिली आणि म्हणाला, "जा बाबा, जा. देव तुझं भलं करो!"

*

डेक्लन आपल्या काउंटीचा गोलकीपर होता. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. हे कळल्यावर मी अर्ध्या बहारीनला सांगत सुटलो. आमचा ड्रायव्हर सावंत, कणकवलीचा, त्यालाही सांगितलं, "सावंत, साधा माणूस नाही हा. जिल्ह्याकडून खेळलाय!"

एकदा चहा पिताना मी विचारलं, "जिल्ह्याकडून मॅच किती खेळलास रे?"

"एकही नाही."

"म्हणजे?"

"मी दुसरा गोलकीपर होतो. पहिला टॉम. टॉमला कधी काही झालं नाही."

मला वाटलं थट्टा करतोय. पण नाही. आपल्याकडे राखीव विकेटकीपरची जी गत, तीच याची. बाकीचे खेळाडू बदलतात, पण गोलकीपर धडधाकट असला तर त्याला कोण बदलतंय? वर्षानुवर्षं डेक्लनने सराव केला, युनिफॉर्म घातला, टीमबरोबर बसमध्ये बसला आणि मैदानाच्या कडेला बाकावर बसून परत आला. टॉमला सर्दी नाही, खोकला नाही, साधा ताप नाही.

"लग्न तरी?" मी विचारलं. "मॅचच्या दिवशी लग्न?"

"लग्नही मॅच नसलेल्या शनिवारी केलं त्याने."

एकदाच संधी आली होती. मोठी मॅच, स्टॅन्ड भरलेला. टॉम कोणावर तरी आदळला आणि आडवा झाला. डेक्लनने अंगावरचं जॅकेट काढलं, हेल्मेट चढवलं. त्यांच्याकडे खेळाडू बदलायचा तर रेफरीला एक चिठ्ठी द्यावी लागते, कोण बाहेर आणि कोण आत. मॅनेजरने ती लिहिलीसुद्धा. वर स्टॅन्डमध्ये डेक्लनचे वडील उभे राहिले. शेतकरी माणूस, गाईंचं दूध काढून शंभर मैल गाडी हाकत आलेला. मुलाच्या प्रत्येक मॅचला यायचे, मुलगा बाकावर बसलेला बघायला! त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

आणि टॉम उठला. पाणी प्यायला, थुंकला आणि गोलमध्ये जाऊन उभा राहिला.

"मग रे?"

"मग काय. मॅनेजरने चिठ्ठी खिशात टाकली. मी जॅकेट घातलं. डॅड खाली बसले." डेक्लनने बिस्किट चहात बुडवलं. "ते टोपी घालायला विसरले होते. मला बाकावरून दिसत होतं."

*

बहारीनमधल्या आयरिश मंडळींनी एक छोटी टीम काढली आहे. शिक्षक, नर्सेस, एकदोन बँकवाले. रिफाकडे एका शाळेचं मैदान शुक्रवारी मिळतं. तिथे डेक्लन गोलकीपर. पहिला, दुसरा, तिसरा, सगळा तोच!

मला तो घेऊन गेला अंपायर म्हणून. "तुला काही करायचं नाही. गोलच्या खांबापाशी उभा राहा. बॉल आडव्या दांड्याच्या वरून गेला तर पांढरा झेंडा, एक पॉइंट. खालून गेला तर हिरवा झेंडा, म्हणजे गोल, तीन पॉइंट. बास."

सोपं आहे म्हटलं. मॅच सुरू झाली. एका पोराने अर्ध्या मैदानातून असा काही फटका मारला की बॉल दांड्याच्या वरून, माझ्या डोक्यावरून, थेट पार्किंगमध्ये! माझ्या हातातले झेंडे गळून पडले आणि दोन्ही हात आपोआप वर गेले. सिक्सर!

सगळं मैदान थांबलं. रेफरी माझ्याकडे बघतोय, मी रेफरीकडे.

"एक!" डेक्लन ओरडला. "फक्त एक!"

"एवढा लांब मारला आणि एकच? अन्याय आहे हा!"

बाहेर गाडीला टेकून सावंत बघत होता. परत जाताना म्हणाला, "साहेब, ह्यो खेळ आसा काय मारामारी?" मी म्हटलं, "सावंत, मलाच कळलं नाही अजून." पण खरं सांगतो, त्या रात्री मला छान झोप लागली. दिवसभरात माझ्यावर कोणीतरी ओरडलं होतं.

*

या अंपायरचा गणवेश म्हणजे पांढरा लांब कोट. त्यांच्याकडची जुनी पद्धत आहे. मनामातल्या बाजारात युनिफॉर्मच्या दुकानात गेलो आणि डॉक्टरचा कोट घेतला. दुसरा कुठला मिळणार?

कोट घातला त्या पहिल्याच शुक्रवारी मैदानावर पाणी मारणारा खानचाचा जवळ आला आणि पायजमा वर करून म्हणाला, "डॉक्टर साब, ये घुटना देखो."

"चाचा, मैं डॉक्टर नहीं हूँ."

"फिर ये कोट?"

"खेल का है."

चाचा काही पटल्यासारखा दिसला नाही. त्याच्या समाधानासाठी मी वाकून गुडघा पाहिला, एकदा दाबला आणि म्हटलं, "आराम करो." पुढच्या शुक्रवारी लांबूनच हात हलवत आला. "डॉक्टर साब, एकदम ठीक! आपके हाथ में शिफ़ा है!"

कोट घातलेला फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. सुनंदाचा लगेच फोन, "अहो, कुठल्या हॉस्पिटलात आहात? काय झालं?" तिला समजावता समजावता अर्धा तास गेला. ऋजुताने अंगठा पाठवला. मी तो अंगठा दोनतीनदा उघडून पाहिला. तीन आठवड्यांत तिच्याकडून आलेलं तेवढंच होतं. आता यात तिचा काय दोष, वयच तसं. पण लागतं मनाला.

*

मॅच संपली की डेक्लन बाकावर बसून वडिलांना फोन लावायचा. वडील आता तिकडे वृद्धाश्रमात असतात. विस्मरणाचा आजार. आजचं काही राहत नाही, जुनं मात्र लख्ख. फोन स्पीकरवर असायचा, कारण डेक्लनचे हात बर्फाच्या पिशवीत. त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"मैदानात उतरवलं का आज तुला?" म्हाताऱ्याचा आवाज खणखणीत.

"नाही डॅड. आज नाही."

"टॉमच होता?"

"टॉमच."

"हं. पुढच्या वेळी."

झालं. दर शुक्रवारी एवढंच. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. "अरे शहाण्या, आत्ता सगळी मॅच खेळलास की! अंगठा सुजलाय तुझा! हो म्हण की त्यांना!"

"एकदा म्हटलं होतं," डेक्लन म्हणाला. "उतरवलं डॅड, पूर्ण वेळ खेळलो. तर म्हणाले, 'मग मी कुठे होतो? मी तर तुझी एकही मॅच चुकवली नाही.' आणि रडायला लागले. दुसऱ्या दिवशी विसरले. पण त्या रात्री झोपले नाहीत."

मी बर्फाची पिशवी त्याच्या अंगठ्यावर नीट सरकवली.

"त्यांनी बघायला हवं," तो म्हणाला. "सांगून उपयोग नाही. अजून मला चेहऱ्याने ओळखतात. किती दिवस, माहीत नाही. एकदा बघायला हवं त्यांनी, बाकी मला काही नको."

मग मी म्हटलं, "मी खांबापाशीच उभा असतो ना. तुझ्यापासून चार पावलांवर. माझ्या खिशात फोन ठेवला तर?"

*

खिशातून कॅमेरा बाहेर बघायला हवा. मनामातल्या टेलरकडे कोट नेला आणि सांगितलं, वरच्या खिशाला एक काज कर. तो म्हणाला, "काज तो बटन के लिए होता है." मी म्हटलं, "बटन नहीं है, इसमें से एक बुजुर्ग देखेंगे." त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने काज केलं. पैसे आगाऊ मागितले!

तिकडच्या वृद्धाश्रमात एक सिस्टर होती, लिझी. कोट्टायमची. तिच्या टॅबवर आम्ही व्हिडिओ कॉलची रंगीत तालीम केली. मी फ्लॅटमध्ये कोट घालून हॉलभर फिरत होतो.

"सर, ऊपर का दिख रहा है. सिर्फ पंखा."

मी थोडा वाकलो.

"अब सोफा. अच्छा सोफा है, सर."

"थँक यू, सिस्टर."

"सर, आप हिलो मत. आप साँस लेते हो तो पिक्चर हिलता है."

आता श्वास कसा थांबवायचा, सांगा! पण मी सराव केला. तालीम पुढे आठवडाभर रोजच चालली. खरं तर दुसऱ्याच दिवशी सगळं जमलं होतं. पण लिझीला मी कोल्हापुरी रस्सा कसा करतात ते सांगायचो, ती मला तिकडच्या पावसाबद्दल सांगायची. तिचाही नवरा आणि मुलगा कोट्टायमला. फोन ठेवताना दोघांनाही घाई नसायची.

*

आणि मग ती मॅच.

शेजारच्या देशांतून टीम आल्या होत्या. आमच्या टीममधले दोघं आदल्या दिवशी आजारी पडले, त्यामुळे बदली खेळाडू एकही नाही. बाक रिकामा. त्यावर नुसत्या पाण्याच्या बाटल्या. संध्याकाळचे पाच, तिकडे दुपारचे दोन. मी कोट चढवला, फोन खिशात घातला, काजातून कॅमेरा बाहेर काढला. डेक्लन जवळ येऊन खिशाकडे बघत म्हणाला, "डॅड, मी आहे. मी आज गोलमध्ये आहे." खिशातून नुसती टॅबची खरखर आली. मग तो हेल्मेट चढवून गेला. हर्लिंगच्या हेल्मेटला तोंडावर जाळी असते. घातलं की आत कोण आहे ते आईलासुद्धा ओळखू येणार नाही.

मॅच सुरू झाली आणि माझा खिसा बोलायला लागला!

"पुढे ये! अरे, रेषेवर काय उभा राहतोस!"

"पाय बघ त्याचे. झोपलाय."

डेक्लनला सगळं ऐकू जात होतं. दोनदा त्याने मान वळवून खिशाकडे पाहिलं. मी त्याला म्हणालो, "लक्ष देऊ नकोस." काय पण सल्ला!

शेवटची दहा मिनिटं, आम्ही दोन पॉइंटने पुढे. त्यांच्या एकाने जवळून जमिनीलगत मारला. डेक्लन झेपावला, बॉल हर्लीला लागला, पण मागे सरकत गेला. त्याने तो रेषेवरून बाहेर ओढला. का रेषेच्या आतून? रेफरीने माझ्याकडे बघितलं. आमची सगळी टीम माझ्याकडे बघत होती. मला खरंच नीट दिसलं नव्हतं हो! दुसऱ्या खांबापाशी अंपायर म्हणून उभ्या नर्सने 'मला नाही दिसलं' म्हणत आधीच हात वर करून टाकले होते, तिच्यासमोर खांब होता.

"आत!" खिसा गरजला. "चांगला वीतभर आत! ए पांढऱ्या कोटवाल्या, हिरवा झेंडा उचल!"

मी डेक्लनकडे बघितलं. तो जमिनीवर पडलेला. जाळीतून म्हणाला, "ते बरोबर सांगताहेत. आत होता."

मी हिरवा झेंडा उचलला. तीन पॉइंट गेले. आम्ही एकाने मागे.

आणि खिसा थांबेना. "हा गोलकीपर कामाचा नाही! काढा त्याला! माझा मुलगा बाकावर बसलाय, त्याला उतरवा!"

"अंकल," लिझीचा आवाज आला, इंग्लिशमध्ये, अगदी हळू, "हाच तुमचा डेक्लन आहे."

"डेक्लन बाकावर असतो," म्हातारा म्हणाला. "मला माहीत आहे माझा मुलगा कुठे असतो."

डेक्लन उठून उभा राहिला होता. चार पावलांवर. मला कुठे बघावं कळेना. फोन बंद करावा असंही वाटलं, हात खिशाकडे गेलासुद्धा.

तो माझ्याजवळ आला. "पेन दे."

स्कोअर लिहायला अंपायरकडे कार्ड असतं. त्याने त्याचा कोपरा फाडला, माझ्या पाठीवर ठेवून खेळाडू बदलायची चिठ्ठी लिहिली आणि रेफरीला नेऊन दिली. रेफरी म्हणजे इथल्या एका शाळेतला इतिहासाचा मास्तर, नियमाचा फार पक्का. त्याने चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. डेक्लनकडे बघितलं, मग माझ्या खिशाकडे. त्याने शिट्टी मारून खेळ थांबवला आणि चिठ्ठी जपून वरच्या खिशात ठेवली.

डेक्लन मैदानाबाहेर गेला. मान खाली, हर्ली ओढत. बाकावर जाऊन बाटल्यांच्या शेजारी बसला. हेल्मेट काढलं. मी खांबापाशी जागच्या जागी वळलो आणि खिसा बाकाकडे केला.

दोन्ही टीम उभ्या. पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारलं, "काय झालं?" आमच्यातल्या एकाने त्याला सांगितलं असावं, कारण नंतर कोणीच काही विचारलं नाही. गोल रिकामा, आणि बॉल त्यांच्याच एकाच्या पायाशी. त्याने त्याला हातही लावला नाही.

डेक्लन उठला. जॅकेट नव्हतंच, तरी काढल्यासारखे खांदे झटकले. हेल्मेट काखेत, केस घामाने चिकटलेले, सगळा चेहरा उघडा, असा तो पळत मैदानात आला. थेट माझ्या खिशाच्या रोखाने. खांबापाशी क्षणभर थांबला, आणि मग त्याने हेल्मेट चढवलं.

खिशातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लिझी म्हणत होती, "अंकल, सांभाळून, अंकल, बसा."

"उतरवलं!" म्हातारा म्हणाला. "उतरवलं त्याला! बघितलंस का, पोरी? टोपी कुठाय माझी?"

रेफरीने शिट्टी मारली. खेळ सुरू झाला.

"सर," लिझी खिशातून म्हणाली, "आप हिल रहे हो. सीधे खड़े रहो ना. अंकल को कुछ दिखता नहीं."